काळ्या गाडीचा रंग: धुणं, पुसणं आणि जपणं, पायरीपायरीने

नवी काळी गाडी घेतली की दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. रोज पुसतो, दर आठवड्याला धुतो, कुठे घासलेली नाही, मग उन्हात उभी केल्यावर बॉनेटवर या गोल गोल बारीक रेघा कुठून आल्या? त्या रेघा बहुतेक वेळा त्या पुसण्या-धुण्यातूनच आलेल्या असतात. मीही काळीच गाडी वापरतो, ती स्वतःच्या हाताने धुतो, आणि या सगळ्यातून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय: काळा रंग टिकतो तो हात कसा चालतो त्यावर, महागडी बाटली कुठली यावर फार कमी. गाडीला जितक्या कमी वेळा आणि जितका हलका हात लागेल तितका रंग नवा राहतो. खालची प्रत्येक पायरी या एकाच गोष्टीसाठी आहे.

एक सूचना सुरुवातीलाच. तुमची गाडी मॅट काळी असेल, म्हणजे मुळातच बिनचमकीची, तर धुण्याच्या पायऱ्या तशाच वापरा, पण साधं पॉलिश आणि साधं वॅक्स तिला अजिबात लावू नका. मॅट रंग घासला की तिथे चमकदार ठिपका उठतो आणि तो परत मॅट करता येत नाही. त्यासाठी वेगळी उत्पादनं मिळतात.

रेघा काळ्यावरच का दिसतात

पत्र्यावर रंगाचे थर असतात. खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण धुतो, पुसतो, पॉलिश करतो ते सगळं या वरच्या थरावर. कारखान्यातून आलेल्या गाडीवर तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर आपल्या हातात किती भांडवल आहे ते कळतं.

हाच थर पांढऱ्या गाडीवरही असतो आणि तिच्यावरही तितकेच ओरखडे पडतात. पण ओरखड्याच्या कडेवरून परतणारा प्रकाश पांढरट दिसतो. पांढऱ्यावर तो लपून जातो, काळ्यावर उठून दिसतो. त्यातही साध्या, बिनमेटॅलिक काळ्यावर जास्त, कारण मेटॅलिक रंगातल्या चमकीमुळे नजर थोडी फसते.

रेघा गोल दिसतात त्याचं कारणही समजून घ्या. खरे ओरखडे सरळ, तिरके, सगळ्या दिशांना पडलेले असतात. दिव्याभोवती जे विशिष्ट कोनात येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळ दिसतं. अंधारात मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. वर्तुळही दिव्याबरोबर सरकेल. रंगाची खरी अवस्था बघायची हीच रीत आहे. ट्यूबलाइटच्या मऊ उजेडात बरीच काळी गाडी निर्दोष वाटते.

लागणारं सामान

- १५ ते २० लिटरच्या दोन बादल्या, एक शाम्पूच्या पाण्याची आणि एक नुसत्या पाण्याची. चाकांसाठी तिसरी, जुनी चालेल.
- बादलीच्या तळाशी बसणारी प्लॅस्टिकची जाळी. बाजारात ती ग्रिट गार्ड या नावाने मिळते.
- मायक्रोफायबरचे किंवा लोकरीचे दोन वॉश मिट, म्हणजे हातात घालायचे मऊ मोजे.
- पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा, कार शाम्पू.
- पाण्याचा पाइप किंवा प्रेशर वॉशर, आणि फेस मारायला फोम कॅनन किंवा हाताने हवा भरायचा फोम स्प्रेअर.
- गाडी वाळवायला एक मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल. पीळदार धाग्यांचा, ट्विस्टेड लूप प्रकारचा असेल तर उत्तम.
- लहान मायक्रोफायबर फडकी, साधारण ३५० ते ५०० जीएसएमची (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). रंगासाठी एका रंगाची, काचांसाठी दुसऱ्या, चाकांसाठी तिसऱ्या. ही वाटणी कधीच मोडू नका.
- चाकांचा ब्रश.
- क्विक डिटेलर (हलका मळ पुसायचा निसरडा फवारा) किंवा स्प्रे वॅक्सची एक बाटली.

स्पंज या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो. मातीचा कण त्यात आत शिरत नाही, स्पंज आणि रंग यांच्यामध्ये अडकून राहतो आणि रंगावरून ओढला जातो. मिटच्या लांब धाग्यांमध्ये कणाला आत जायला जागा मिळते.

१. कोरडं फडकं मारणं आजपासून बंद

ही पायरी सगळ्यात आधी, कारण काळ्या रंगाचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. टणकपणाच्या मोह्ज मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे आणि खिडकीची साधी काच साधारण साडेपाचवर. काचेला जो ओरखडू शकतो तो कण तुमच्या क्लिअर कोटला काय करेल? धुळीने भरलेल्या बॉनेटवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे रोज सकाळी थोडा थोडा पॉलिशपेपर मारणं. पिसांच्या झाडणीचं आणि मेणाच्या धाग्यांच्या कार डस्टरचंही तेच. त्यांच्यात आदल्या दिवसांची धूळ साठलेली असते.

रोज पुसायला कोणी माणूस लावला असेल तर त्याला स्पष्ट सांगा: काचा आणि आरसे पुसा, बाहेरच्या रंगाला हात लावू नका. एक बादली पाणी घेऊन तेच फडकं पिळत पाच गाड्या पुसल्या जातात. पाचव्या गाडीला पहिल्या चारींची माती लागते.

मग दोन धुण्यांच्या मधल्या दिवसांत काय करायचं? माझं सांगणं, धूळ राहू द्या. बसलेली धूळ रंगाचं काही बिघडवत नाही, घासलेली धूळ बिघडवते. अगदीच कुठे जायचं असेल तर नुसत्या पाण्याचा फवारा मारून घ्या. वॉटरलेस वॉश किंवा रिन्सलेस वॉश, म्हणजे फवारून किंवा थोड्या पाण्यात मिसळून न खळबळता पुसायची द्रव्यं, चांगली आहेत, पण धूळ पातळ असेल तरच. बोट फिरवल्यावर रेघ स्पष्ट उमटत असेल, चिखलाचे शिंतोडे असतील, तर आधी भरपूर पाणी हवंच.

गाडीवरच्या कव्हरबद्दलही याच ओघात सांगतो. गाडी बंदिस्त जागेत स्वच्छ उभी असेल तर मऊ अस्तराचं कव्हर चालतं. उघड्यावर, धुळकट गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने फडफडत राहतं आणि रात्रभर रंग घासत बसतं. काढताना-घालतानाही ते फरफटत जातं. सावली मिळत असेल तर कव्हरापेक्षा सावली बरी.

२. वेळ आणि जागा

पत्रा थंड असतानाच धुवा. भल्या सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत. काळा रंग ऊन शोषतो, त्यामुळे बॉनेट इतर रंगांपेक्षा लवकर आणि जास्त तापतं. हाताची पाठ पत्र्याला लावून बघा. चटका सोडा, ऊब जाणवली तरी थांबा. गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी पुसायच्या आतच वाळतात आणि डाग धरतात.

३. चाकं आधी

चाकांवर ब्रेक पॅडची आणि डिस्कची लोहयुक्त धूळ असते, ती गाडीवरच्या सगळ्या मळात जास्त बोचरी. म्हणून चाकं आधी, वेगळ्या बादलीने, वेगळ्या ब्रशने. चाकं शेवटी धुतली तर त्यांचे शिंतोडे स्वच्छ दारांवर उडतात. चाकांचा ब्रश किंवा फडकं चुकूनही रंगाला लागू देऊ नका.

४. हात न लावता निघेल तेवढी माती काढा

हाताने धुण्याआधी नुसत्या पाण्याने गाडी नीट भिजवा. टपापासून सुरुवात करून खाली या. चाकांच्या मागचा भाग, दारांच्या खालच्या पट्ट्या आणि मागचा बंपर इथे जास्त वेळ द्या, कारण रस्त्यावरची माती तिथेच बसते.

प्रेशर वॉशर असेल तर रुंद फवाऱ्याचं, २५ किंवा ४० अंशांचं नोझल वापरा आणि पत्र्यापासून किमान फूटभर अंतर ठेवा. एका बिंदूत मारणारं शून्य अंशाचं नोझल गाडीसाठी नाहीच. जिथे दगड लागून रंगाचा टवका उडालाय तिथे जोराचा झोत मारलात तर कडेचा रंग आणखी सुटतो.

त्यानंतर फेस. फेसाचं काम मळ मऊ करून सैल करणं एवढंच. गाडीभर फेस मारा, तीन-पाच मिनिटं थांबा, सुकायच्या आत धुवून टाका. फेस खाली ओघळताना त्याचा रंग बघा, करडा झालेला असेल. तेवढी माती हात न लावता गेली. प्रेशर वॉशर नसेल तर हाताने हवा भरायच्या स्प्रेअरनेही हे काम होतं. फेस पातळ येतो, वेळ थोडा जास्त लागतो. सुंदर दाट फेसाच्या मागे लागू नका.

५. दोन बादल्यांनी धुणं

एका बादलीत शाम्पू, बाटलीवर लिहिलंय तेवढाच. दुसऱ्या बादलीत साधं पाणी आणि तळाशी जाळी.

मिट शाम्पूच्या पाण्यात बुडवा, एक भाग धुवा, उदाहरणार्थ अर्धा टप. मग मिट साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर घासून खळबळून घ्या, पिळा आणि पुन्हा शाम्पूत बुडवा. प्रत्येक भागानंतर हे व्हायलाच हवं. गाडी धुऊन झाली की साध्या पाण्याची बादली दोन मिनिटं न हलवता ठेवा आणि पाणी हळूच ओता. जाळीखाली बारीक रेतीचा थर बसलेला दिसेल. एकच बादली असती तर ती रेती परत मिटवर बसून बॉनेटवर फिरली असती.

हात कसा चालवायचा:

क्रम वरून खाली. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग. मग मिट बदलून दारांचा खालचा भाग आणि बंपर. दुसरा मिट यासाठीच.

हालचाल सरळ रेषेत, शक्यतो पुढून मागे. गोल फिरवू नका. कितीही काळजी घेतली तरी एखादा ओरखडा पडतोच, आणि सगळे एकाच दिशेने असतील तर सगळीकडून नजरेत येत नाहीत.

दाब शून्य. मिट स्वतःच्या वजनाने सरकू द्या. एखादा किडा किंवा चिखलाचा खडा निघत नसेल तर तिथे जोर लावू नका. त्यावर शाम्पूचं पाणी सोडा, पुढे जा, दोन मिनिटांनी परत या.

मिट जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद. कितीही धुतला तरी धाग्यात एखादा खडा राहतो. दुसरा काढा.

भांडी घासायचा साबण आणि कपड्यांची पावडर याबद्दल विचारणा नेहमी होते. भांड्यांचा साबण तेल-तूप तोडण्यासाठी बनवलेला असतो, तो गाडीवरचं वॅक्सही कमकुवत करतो आणि कार शाम्पूइतका निसरडेपणा देत नाही. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि तिचे न विरघळलेले कण घासतात. शाम्पूची एक बाटली बरेच महिने पुरते, तिथे काटकसर नको.

गाडी मोठी असेल किंवा हवा कोरडी असेल तर मधूनमधून धुतलेल्या भागावर पाणी मारत राहा. फेस कुठेच वाळता कामा नये.

६. वाळवणं

काळ्या गाडीच्या बाबतीत ही पायरी धुण्याइतकीच नाजूक आहे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उडून जातो, क्षार तिथेच राहतात, आणि काळ्यावर पांढरी कडी दिसतात. बोअरचं पाणी असेल तर जास्तच. शेवटचं पाणी तरी कमी क्षारांचं मिळालं, फिल्टरचं मिळालं, तर फरक लगेच दिसतो.

वाळवण्याआधी एक सोपी युक्ती करा. पाइपचं नोझल काढा आणि टपावर, बॉनेटवर पाण्याची संथ धार सोडा. फवारा थेंब उडवतो, संथ धार मात्र सलग पडद्यासारखी उतरते आणि वाटेतले थेंब सोबत घेऊन जाते. रंगावर वॅक्स असेल तर निम्म्याहून जास्त पाणी असंच उतरतं आणि टॉवेलचं काम हलकं होतं.

मग मोठा टॉवेल बॉनेटवर पसरा, हाताने हलके थापटा, उचला. किंवा दोन टोकं धरून वजन न देता स्वतःकडे ओढा. चामड्याचं शॅमॉय आणि रबरी वायपर काळ्या रंगावर वापरू नका. दोन्हींत कणाला लपायला जागा नसते, एक कण अडकला की टपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ.

आरशांच्या फटी, दारांची हँडलं, नंबरप्लेटच्या मागे, इंधनाच्या झाकणात पाणी दडून बसतं आणि दहा मिनिटांनी ओघळून डाग करतं. ब्लोअर असेल तर या फटी आधी फुंकून घ्या. नसेल तर गाडी थोडी पुढे नेऊन ब्रेक मारा, दारं उघडझाप करा, आणि वेगळ्या फडक्याने ओघळ टिपा.

शेवटी रंग जवळपास कोरडा असताना स्प्रे वॅक्सचे एक-दोन फवारे फडक्यावर मारून पातळ हात फिरवा. टॉवेलखाली थोडा निसरडेपणा येतो आणि संरक्षणाचा थर ताजा होतो.

७. जे डाग थांबत नाहीत

पक्ष्यांची विष्ठा: ती आम्लधर्मी असते. ऊन लागलं की क्लिअर कोट तापून मऊ होतो आणि थोडा फुगतो. संध्याकाळी थंड होताना तो वाळलेल्या विष्ठेभोवती आकसतो आणि तिचा ठसा घेतो. काळी गाडी जास्त तापते, म्हणून तिच्यावर हे लवकर होतं. दिसली की त्याच दिवशी काढा. खरवडू नका. ओलं फडकं किंवा ओला टिश्यू त्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की वर उचलून घ्या, बाजूला ओढू नका. डिकीत क्विक डिटेलरची छोटी बाटली आणि दोन स्वच्छ फडकी कायम ठेवा.

पाण्याची पांढरी कडी: ताजी असतील तर पुन्हा धुऊन जातात. नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी मिसळा, थंड पत्र्यावर फडक्याने टिपून मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. तिथे वॅक्स पुन्हा लावावं लागेल. एवढ्यानेही कडं राहिलं तर क्षाराने रंगात खड्डा केलेला आहे, ते काम पॉलिशचं.

डांबर: टार रिमूव्हर लावा, विरघळू द्या, पुसा. नखाने किंवा पत्तीने काढू नका.

झाडाचा चीक: फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डागावर टेकवून धरा, मऊ झाल्यावर टिपून घ्या आणि लगेच पाण्याने धुवा.

८. धुतल्यावरही हाताला खरखर लागते?

स्वच्छ धुतलेल्या, वाळलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटलेला रंग पिशवीतून बारीक दाणेदार लागू शकतो. ते रंगात रुतलेले कण: ब्रेकची लोहधूळ, डांबराचे सूक्ष्म ठिपके, रंगकामाचा उडालेला फवारा.

आधी आयर्न रिमूव्हर. थंड पत्र्यावर फवारा, दोन-तीन मिनिटांत लोहाच्या कणांपाशी तो जांभळा होऊन ओघळू लागतो. वास उग्र असतो, हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत काम करा. सुकू न देता धुवून टाका.

तरीही खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा. भरपूर ल्यूब्रिकंट (क्ले सरकण्यासाठीचा निसरडा द्रव) मारा, क्लेचा चपटा तुकडा दोन बोटांनी, दाब न देता, सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला तो अडखळतो, मग अचानक सरकू लागतो. तिथेच थांबा. उलटून बघा, मळाचे करडे पट्टे दिसतील. घडी घालून नवी बाजू बाहेर काढा. खाली पडलेला तुकडा सरळ कचऱ्यात.

काळ्या गाडीच्या मालकाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: क्ले स्वतःही फिकट रेघा सोडतो. त्यामुळे क्लेनंतर पॉलिश करायचं नसेल तर उगाच क्ले लावू नका. वर्षातून एकदा, गरज असेल तर, एवढं पुरे.

९. आधीच पडलेल्या रेघा काढणं

रेघ 'भरून' निघत नाही. पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या तळाच्या दिशेने आजूबाजूचा क्लिअर कोट बारीक घासून पातळ करणं. प्रत्येक वेळी थोडा थर कायमचा जातो. म्हणून दर सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. गाडी आठवडाभर चमकते आणि थर कमी होत जातो.

स्वतः करायचं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड फिरवता फिरवता डोलवणारं), मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, म्हणजे सगळ्यात बारीक पॉलिश, एवढ्यावर सुरुवात करा. बॉनेटच्या कोपऱ्यात दीड फूट चौरसावर चाचणी घ्या, टॉर्चखाली बघा. मऊ जोडीने काम झालं नाही तरच एक पायरी कडक व्हा. पत्र्याच्या धारदार कडांवर आणि वळ्यांवर क्लिअर कोट सर्वात पातळ असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावा. नखाला अडकणारा खोल ओरखडा पॉलिशने पूर्ण काढायचा हट्ट धरू नका. तो थोडा पुसट झाला तरी पुरे माना.

काम बाहेर देत असाल तर विचारा: मशीन कुठलं वापरता? अननुभवी हातात रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरागरा फिरवणारं) आणि लोकरीचं पॅड आलं की काळ्यावर उन्हात हलणाऱ्या तेलकट छटा, म्हणजे होलोग्राम, उमटतात. आणि काम संपल्यावर सौम्य अल्कोहोलच्या द्रावणाने पुसून मगच उन्हात दाखवा असं सांगा. पॉलिशमधली तेलं आणि काही ग्लेझ (वरवर चमक आणणारी द्रव्यं) रेघा फक्त झाकतात, दोन धुण्यांत त्या परत दिसतात.

गाडीचा एखादा भाग नव्याने रंगवलेला असेल तर रंगकाम करणाऱ्याने सांगितलेला वेळ जाईपर्यंत त्यावर वॅक्स किंवा कोटिंग नको. बऱ्याच ठिकाणी ३० ते ९० दिवस थांबायला सांगतात, कारण आतली सॉल्व्हंट्स बाहेर पडायची असतात.

१०. संरक्षण: कशावर किती विश्वास ठेवायचा

इथे सगळ्यात जास्त विक्री होते आणि सगळ्यात जास्त गोंधळही. रेघा काढायच्या आधी त्यावर कोटिंग लावणं म्हणजे आधी कळस मग पाया. कोटिंग पारदर्शक असतं, खालची प्रत्येक रेघ तशीच दिसत राहते, आणि ती काढायची तर कोटिंगही घासून काढावं लागतं.

वॅक्स: कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. काळ्यावर ते फार खोल, ओलसर चमक देतं. उष्ण हवेत महिना-दोन महिने टिकतं. स्वस्त, लावायला सोपं, चूक झाली तरी पुसता येतं. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. अगदी पातळ थर लावा. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात.

सीलंट: कृत्रिम पॉलिमरचा थर, साधारण चार ते सहा महिने. चमक थोडी काचेसारखी, टिकाऊपणा जास्त.

सिरॅमिक कोटिंग: सिलिका आधारित, रंगाला घट्ट चिकटणारं, नीट लावलं आणि सांभाळलं तर काही वर्षं टिकणारं. मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं, वाळवणं सोपं होतं, आणि हाच त्याचा खरा फायदा. ओरखडे मात्र पडतात. जाहिरातीतला '९एच' हा आकडा पेन्सिलच्या टोकाने घ्यायच्या चाचणीतला आहे, मोह्जच्या मोजपट्टीतला नाही. क्षाराच्या पाण्याचे डाग कोटिंगवरही बसतात. लावून घेताना विचारा: आधी पॉलिश किती टप्प्यांत करणार, कोटिंग लावल्यानंतर गाडी किती तास आत ठेवणार, पहिले किती दिवस धुवायची नाही (साधारण आठवडा सांगतात), वॉरंटी टिकवायला वर्षाला काय करावं लागेल. घरी लावत असाल तर लहान लहान भाग घ्या आणि प्रत्येक भाग वेगवेगळ्या कोनांतून टॉर्चने तपासा. न पुसलेला जाड ठिपका काळ्यावर गडद डागासारखा राहतो आणि वाळल्यावर पॉलिशशिवाय जात नाही.

पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म): थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, बहुधा १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे क्लिअर कोटच्या कित्येक पट. उडालेल्या दगडांपासून खरं संरक्षण देणारी एवढी एकच गोष्ट. चांगल्या फिल्मवरच्या बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने आपोआप मिटतात. खर्चिक आहे, म्हणून पूर्ण गाडीऐवजी पुढचा बंपर, बॉनेट, आरसे आणि हँडलांच्या मागची खोलगट जागा एवढंच करून घेणं हाही शहाणा पर्याय.

११. फडकी धुणं

मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, सुताचे तंतू त्यात अडकतात. कोमट पाणी, सौम्य द्रव साबण, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही कारण तो धाग्यांवर थर चढवून शोषण कमी करतो. सावलीत वाळवा, बंद डब्यात ठेवा. नवीन फडक्याचं लेबल आधी कापून टाका. रंगासाठीचं फडकं जुनं झालं की काचांकडे, मग चाकांकडे, मग इंजिनच्या कामाला. उलट प्रवास कधीच नाही.

१२. गाडी दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा

नवी काळी गाडी घेत असाल तर डिलिव्हरीच्या आधीच लेखी कळवा: पॉलिश नको, वॅक्स नको, शक्य असेल तर धुणंही नको, संरक्षक फिल्म काढून तशीच द्या. डिलिव्हरी दिवसाच्या उजेडात घ्या आणि सही करायच्या आधी बॉनेट, टप आणि डिकीवर टॉर्च मारून बघा.

सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर 'बाहेरून धुवायची नाही, पुसायची नाही' असं लिहून घ्या, आणि त्याचीच चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवा. जॉब कार्ड काउंटरवर राहतं, गाडी धुणाऱ्याच्या नजरेस चिठ्ठी पडते. फिरत्या ब्रशच्या स्वयंचलित धुलाईतून काळी गाडी कधीच नेऊ नका. त्या ब्रशमध्ये आधीच्या गाड्यांची माती असते. नाइलाज असेल तर बिनब्रशची, फक्त पाण्याच्या झोताची धुलाई निवडा, आणि तिथल्या माणसाला गाडी पुसायला न देता तशीच ओली घरी आणून स्वतःच्या टॉवेलने टिपा.